दिवे उतरवलेली गाडी पुन्हा रात्रीच्या रस्त्यावर

गुहागरहून एका वाचकाने लिहिलं आहे:

“माझी गाडी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, २०१२ ची, एमएच-०८ पासिंग. आधीच्या मालकाने सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, पळवायला म्हणून हेडलाइट, मागचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, बॅटरी सगळं उतरवलं आणि वायरिंग कापून टाकलं. गाडी किकवर मस्त चालू होते. कामावरून घरी यायला मला रात्र होते, शिवाय अधूनमधून धोपाव्याहून फेरीने दाभोळला उतरून दापोलीला जातो. गॅरेजवाल्याने ६० वॅटचा एलईडी बार मॅग्नेटच्या पिवळ्या वायरला जोडून दिला. आयडलला तो मिणमिणायचा, आणि पहिल्याच मोठ्या चढावर उडाला. काय चुकलं, आणि आता सुरुवात कुठून करू? मित्राकडे बाहेरून आणलेली मोटोक्रॉस गाडी आहे, तिला नंबरच नाही. तिलाही दिवे लावले तर रस्त्यावर काढता येईल का?”

मित्राच्या गाडीचं आधी सांगून टाकतो. दिवे, इंडिकेटर, आरसे, हॉर्न सगळं बसवलं तरी ती रस्त्यावर काढता येणार नाही. आरटीओत नोंदणी होण्यासाठी त्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी असावी लागते. स्पर्धेसाठी बनवलेल्या गाड्यांना ती नसते. नोंदणी नाही म्हणून थर्ड पार्टी विमा नाही, आणि विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते; कलमांची बाग विकायची वेळ येऊ शकते. त्या गाडीला दिवे लावायचे ते स्वतःच्या जागेत किंवा ट्रॅकवर चालवण्यापुरतेच. ते कसे लावायचे ते शेवटी.

तुमच्या गाडीचं तसं नाही. ती दिव्यांसकट मंजूर होऊन नोंदली गेली आहे, त्यामुळे दिवे परत बसवणं म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना अडवतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. म्हणून त्याच मॉडेलची कंपनीची हेडलाइट असेंब्ली मिळत असेल तर पहिली पसंती तिला द्या, दिसायला कितीही साधी असली तरी. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो; तुमच्या गाडीला ती सक्ती नाही, हँडलवर बटण ठेवता येईल. आणखी एक तारीख डोक्यात ठेवा. १५ वर्षांची आरसी २०२७ मध्ये संपेल, नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागेल आणि तिथे हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळं चालू लागेल. तेव्हा जुगाड करू नका, काम एकदाच नीट करा.

आता तो बार का उडाला. मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातून, बाहेर येणारी वीज एसी (दिशा सतत बदलणारी) असते आणि तिचा दाब (व्होल्ट) इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो. बारच्या आतलं सर्किट साधारण १२ ते ३० व्होल्ट डीसी (एकाच दिशेची वीज) सहन करेल असं बनवलेलं असतं. मध्ये व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर नसेल तर आयडलला त्याला अपुरी, तीही तुटक वीज मिळते म्हणून तो मिणमिणतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडलं की दाब तिशीच्या वर जातो आणि सर्किट जळतं. बार महागातला असता तर फार तर थोडे दिवस जास्त टिकला असता. गॅरेजवाल्याने दिवा आधी निवडला आणि वीज किती आहे ते बघितलंच नाही, मूळ चूक ती. डर्ट बाईकवर क्रम नेहमी उलटा असतो. आधी वीज मोजायची, मग तेवढ्यात बसेल तो दिवा घ्यायचा.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १२ व्होल्ट ३५ वॅटचे दोन जुने हॅलोजन बल्ब पुरतात. सीट उतरवून बॅटरीच्या जागी आधी बघा. तिथे डब्यासारखा मोठा कपॅसिटर नसेल आणि गाडी तरीही किकवर चालू होत असेल, तर इग्निशनची कॉइल स्वतंत्र आहे, बॅटरीवर अवलंबून नाही. कपॅसिटर असेल तर इग्निशन डीसीवर असू शकतं. तो तोडून फेकण्याआधी कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढा.

इंजिन बंद ठेवून मॅग्नेटकडून येणारा कपलर (वायरींचा जोड) सोडवा आणि प्रत्येक वायर व इंजिनाची बॉडी यांच्यात रोध मोजा. मल्टिमीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा दिसतो तो आधी वजा करायचा, नाहीतर छोट्या रोधाचं माप फसवतं. लाइटिंग कॉइल जाड तारेची असते, रोध एक-दोन ओहमच्या आत. इग्निशनची सोर्स कॉइल, म्हणजे स्पार्कसाठी वीज पुरवणारी, बारीक तारेची, शेकड्यांत ओहम. ती वायर ओळखून वेगळी ठेवा आणि इंजिन चालू असताना हात लावू नका. तिच्यावर शंभराच्या वर व्होल्ट असतात. लाइटिंगची वायर बहुतेक वेळा पिवळी किंवा पांढरी असते, पण चौदा वर्षांत किती हात फिरलेत सांगता येत नाही, तेव्हा रंगावर नाही, मापावर विश्वास ठेवा.

पिवळी वायर आणि बॉडी यांच्यात एक-दोन ओहम दिसले तर कॉइलचं दुसरं टोक आत बॉडीला सोल्डर केलेलं आहे. छोट्या गाड्यांत हे सर्रास असतं. आता सोर्स कॉइल आणि पल्सरच्या (स्पार्कची वेळ सांगणाऱ्या कॉइलच्या) वायरी जागेवर जोडा, लाइटिंगची तेवढी मोकळी ठेवा. ती आणि बॉडी यांच्यात ३५ वॅटचा एक बल्ब लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बल्बला समांतर जोडा आणि गाडी चालू करा. रेस हळूहळू वाढवा. मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांना १२ व्होल्ट टिकत असतील तर तुमच्याकडे किमान ३५ वॅट आहेत. दुसरा बल्ब समांतर जोडून पुन्हा बघा. १२ टिकले तर ७० वॅट आहेत, ८-९ वर बसले तर नाहीत. आकडा १४ च्या पुढे जायला लागला की रेस सोडायची, नाहीतर बल्ब जातील. बल्ब न लावता नुसते उघडे व्होल्ट मोजून समाधान मानू नका. बिनभाराची कॉइल ४०-५० व्होल्ट दाखवते आणि दिवा लावताच खाली बसते.

माप हातात आलं की दोन वाटा आहेत. पहिली सोपी. एसीवरच ३५/३५ वॅटचा हॅलोजन चालवायचा, मध्ये एसी रेग्युलेटर, बॅटरी नाही. कंपन्यांनी वर्षानुवर्षं छोट्या गाड्या अशाच विकल्या. इंजिन फिरतंय तोवर दिवा आहे. पण आयडलला तो निखाऱ्यासारखा होतो, आणि घाटात वळणावर क्लच दाबला की नेमका हवा तेव्हा मंद पडतो. हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर यांना डीसी लागतो तो वेगळाच. तुम्हाला रोज रात्री रस्त्यावर यायचं आहे, तेव्हा ही वाट सुचवणार नाही.

दुसरी वाट म्हणजे फुल वेव्ह. कॉइलचं बॉडीला जोडलेलं टोक सोडवून दोन्ही टोकं बाहेर आणायची, म्हणजे आवर्तनाचा वाया जाणारा अर्धा भागही कामी येतो. त्यासाठी मॅग्नेट कव्हर उघडावं लागतं. ऑइलमध्ये चालणारा मॅग्नेट असेल तर गाडी उलट्या बाजूच्या भिंतीला टेकवून कलती ठेवा, ऑइल कमी सांडतं. नवं गॅस्केट आधीच आणून ठेवा. स्टेटर, म्हणजे कॉइल बसवलेला स्थिर भाग, बाहेर काढला की कॉइलची तार जिथे लोखंडी गाभ्याला किंवा पट्टीला सोल्डर केली आहे ती जागा शोधा. बहुतेकदा त्याच ठिकाणी सोर्स कॉइलचंही एक टोक येतं. दोन्ही उचकटली तर स्पार्क जातो आणि मग लोक सीडीआय (स्पार्क सोडणारा डबा) बदलत बसतात. सोर्स कॉइलचं टोक परत बॉडीला सोल्डर करायचं, लाइटिंगचं तेवढं मोकळं करायचं. त्याला जी नवी वायर जोडाल ती सिलिकॉन किंवा टेफ्लॉन आवरणाची हवी. बाजारातली साधी पीव्हीसी वायर गरम ऑइलमध्ये कडक होऊन तडकते आणि तुकडे ऑइलमध्ये फिरतात. सांध्यावर उष्णता सहन करणारी स्लीव्ह चढवा, वर इपॉक्सी लावा आणि तार गाभ्याला पक्की बांधा, फिरत्या मॅग्नेटला घासता कामा नये. बंद करण्याआधी दोन्ही टोकं आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटरने काहीही जोड दिसत नाही ना ते बघा. वायर बाहेर येते तिथल्या रबरी बुचाला ऑइल सहन करणारं सीलंट लावा.

तीस वॅटही मिळत नसतील तर कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यावी लागेल. चिपळूण-रत्नागिरीकडे पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणारे हे काम करतात, पण त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा: गाभ्याच्या शेजारशेजारच्या दोन दातांवर तार उलटसुलट दिशेने फिरवायची, कारण समोरची चुंबकं आळीपाळीने उत्तर-दक्षिण असतात. सगळे दात एकाच दिशेने भरले तर एकाची वीज दुसरा खातो आणि बाहेर जवळजवळ शून्य येतं. जुनी तार उलगडतानाच फेरे आणि दिशा लिहून ठेवायला लावा.

रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचा डीसी करून व्होल्ट आवरणारा डबा) फुल वेव्हचा घ्या. तीन पिवळ्या वायरींचा थ्री फेजवाला मिळाला तरी चालतो, त्यातल्या दोनच वापरायच्या, तिसरी बंद करून ठेवायची. तो सीटखाली केबल टायने लटकवू नका. फ्रेमवर रंग खरवडून, धातूला धातू टेकवून, हवा लागेल तिथे बोल्टने आवळा. या स्वस्त रेग्युलेटरांपैकी बहुतेक शंट जातीचे असतात, म्हणजे उरलेली वीज ते स्वतःत उष्णता करून जिरवतात. म्हणूनच दिवा जितका कमी वॅटचा, तितका रेग्युलेटर जास्त तापतो. एलईडी लावल्यावर रेग्युलेटर गेला की लोक एलईडीला नावं ठेवतात. खरं कारण हे असतं.

बॅटरी १२ व्होल्ट ५ अँपिअर-तासांची सीलबंद पुरे. इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ४,००० फेऱ्यांना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या वर चढतच नसेल तर कॉइलकडची एखादी जोडणी कच्ची असू शकते. १५ च्या वर जात असेल तर ताबडतोब बंद करा. रेग्युलेटर गेला आहे किंवा त्याचं अर्थिंग नीट नाही. बॅटरीऐवजी कपॅसिटर टाकून वजन वाचवायचा मोह सड्यावरच्या गाडीला ठीक आहे. रात्री रस्त्यावर इंजिन बंद पडलं की त्याच क्षणी सगळे दिवे जातात, मागून डंपर येत असला तरीही.

आता दिव्याकडे. समजा ३५-४० वॅट मिळाले. त्यात हेडलाइट २० वॅट, मागचा एलईडी आणि नंबर प्लेटचा दिवा मिळून ३-४ वॅट, उरलेलं बॅटरी चार्ज व्हायला. ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न थोडा वेळ घेतात, ते बॅटरी सांभाळते. मूळ हॅलोजन ३५ वॅटचा असेल तर याच हिशोबात घट्ट बसतो, ५० मिळत असतील तर निर्धास्त. मूळच्या एचएस-१ बल्बाच्या जागी कारचा ६०/५५ वॅटचा एच-४ कानस मारून बसवण्याची जुनी युक्ती आहे. बसतो. पण साडेचार अँपिअर खातो, प्लॅस्टिकचा होल्डर वितळवतो, रिफ्लेक्टर पिवळा पाडतो.

त्याच होल्डरमध्ये जाणारे पंखावाले एलईडी बल्बही घेऊ नका. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंट जिथे असतं त्या एका बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागी नेमक्या येत नाहीत, प्रकाश फुटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर कमी पडतो. एलईडी हवाच तर स्वतःच्या लेन्ससह बनलेलं, अप्पर-डिपर असलेलं आणि डिपरला वरून स्वच्छ कापलेली रेघ पाडणारं पूर्ण युनिट घ्या. त्यातही बाहेरच्या देशांसाठी बनलेला माल तपासून घ्या. डिपरच्या रेघेचं एक टोक मुद्दाम वर उचललेलं असतं, कडेचा माणूस दिसावा म्हणून. आपल्याकडे ते डावीकडे वर हवं. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या दिव्यात ते उजवीकडे वर जातं, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. दुकानातच बॅटरीला लावून भिंतीवर पाडून बघा. पेटीवरचे वॅटही तिथेच मोजून घ्या: मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून बॅटरी आणि दिवा यांच्या मध्ये (सिरीजमध्ये) जोडा, अँपिअर गुणिले व्होल्ट. ‘६० वॅट’ लिहिलेला बार पुष्कळदा निम्मेही घेत नाही.

रंग निळसर पांढरा नको. ६,००० केल्विनच्या वरचा दिवा कोरड्या रात्री दुकानासमोर झकास दिसतो, पण पावसात थेंबाथेंबावरून उलट डोळ्यांवर येतो आणि ओलं डांबर काळंच राहतं. ४,३०० ते ५,००० मधला घ्या. आंबोलीत किंवा कुंभार्लीत धुकं उतरल्यावर अप्पर कुठल्याच रंगाचा उपयोगी नाही. डिपर ठेवून वेग कमी करणं एवढंच हातात असतं. सड्यावर फिरायला रुंद पसरणारा दिवा बरा वाटतो, कातळाची कड आणि चर दिसतात. तो हवा असेल तर वेगळ्या बटणावर लावा आणि डांबरी रस्त्याला लागलात की बंद. बारला कापलेली रेघ नसते, म्हणून तो रस्त्यावरचा दिवा नव्हेच.

वायरिंग करताना बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज आलाच पाहिजे. तो पुढे हेडलाइटजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते; हँडलखाली चिरडली की आग लागेपर्यंत कुणी थांबवत नाही. हेडलाइटला १.५ चौरस मिलिमीटरची, बाकी दिव्यांना ०.७५ ची गाड्यांची मल्टिस्ट्रँड वायर. घराच्या फिटिंगमधून उरलेली सिंगल कोअर वापरू नका, कंपनाने आतल्या आत तुटते आणि वरून अखंड दिसते. हेडलाइटचं अर्थिंग स्वतंत्र वायरने बॅटरीच्या वजा टोकापर्यंत न्या. फोर्कला अर्थ दिला की वीज हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसमधून जाते, आणि दिवा खड्ड्याखड्ड्याला डोळे मिचकावतो.

जोडणी चांगली झाली की नाही हे नजरेला कळत नाही, मापाला कळतं. दिवा लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अधिकावर, दुसरं हेडलाइटच्या अधिक टोकावर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मध्ये वीज मरते आहे. वजा बाजूलाही तसंच. हॅलोजनला हे फार लागतं: १२ चे ११ व्होल्ट झाले तर प्रकाश सुमारे पाव भागाने उतरतो. शेवटी दिवा चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा आणि पुढचं चाक उचलून सस्पेन्शन पूर्ण लोंबू द्या. कुठेही वायर ताणली गेली किंवा स्टॉपरमध्ये चिमटली तर आत्ताच ढील द्या. डर्ट बाईकचा फोर्क साध्या गाडीपेक्षा बराच जास्त खालीवर होतो, आणि नेमकी इथेच वायर तुटते.

बाकीचं पटकन. एलईडी इंडिकेटर लावले तर फ्लॅशरही (ते लुकलुकवणारा डबा) इलेक्ट्रॉनिक घ्या, जुना फ्लॅशर भार कमी पडला म्हणून भरभर लुकलुकतो. ब्रेक लाइटचा स्विच पुढच्या आणि मागच्या दोन्ही ब्रेकना हवा. दोन आरसे, हॉर्न, आणि १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबर प्लेट.

मग आपल्याकडचा खरा शत्रू, खारी हवा. गुहागरात समुद्रापासून गाडी कितीही आत लावली तरी खार पोचतो, आणि फेरीवर तर तुषार थेट अंगावर. तांब्याच्या उघड्या सांध्यावर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो. पिळून टेप मारलेला सांधा इथे टिकतच नाही. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि पावसाळ्यात तोच टेप पाणी धरून ठेवतो. कलई केलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) दाबून क्रिंप करा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. कपलर रबरी सीलवाले घ्या, आत सिलिकॉन ग्रीस भरा आणि तोंड खाली करून बसवा. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं. हेडलाइटमध्ये धुकं धरतं म्हणून लोक सगळीकडून सिलिकॉन मारतात. तळाचं श्वासाचं भोक मात्र मोकळं ठेवा. तापलेला दिवा पावसात थंड झाला की आतली हवा आकसते, भोक बंद असेल तर ती सीलच्या फटीतून पाणी ओढते आणि ते पाणी आतच राहतं.

फेरीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर पंपाची धार कपलरवर आणि रेग्युलेटरवर नको. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं निघतात तेव्हा सगळे कपलर एकदा उघडून बघा. गाडी पडवीत किंवा माडीखाली राहत असेल तर उंदरांचंही लक्ष असतं. पावसाळ्यात ते सीटखालच्या उबेला येतात आणि सीटखालची वायर आधी खातात. जाळीदार आवरण चढवलं तर वेळ तरी जातो.

दिवा सेट करणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि बहुतेक लोक तेच करत नाहीत. चुना मारलेली सपाट भिंत शोधा. चिऱ्याच्या गडग्यावर रेघ नीट दिसत नाही. शाळेची किंवा देवळाची भिंत बरी. समोरची जागा समतल हवी. टायरमध्ये रस्त्याची हवा भरा, सड्यावरची कमी हवा नव्हे. दिव्याचं केंद्र भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा, केंद्राची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तितक्याच उंचीवर खूण करा. आता गाडीवर बसा, स्टँडवर लावून नाही. डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या ५ ते ७.५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. म्हणजे उतार १ ते १.५ टक्के. दिवा ९० सेंटिमीटरवर असेल तर १.५ टक्क्याला प्रकाश साधारण ६० मीटरवर जमिनीला टेकतो, १ टक्क्याला ९० मीटरवर.

डर्ट बाईकला बसून सेट करणं यासाठी महत्त्वाचं की तिचं मागचं सस्पेन्शन मऊ आणि लांब असतं. समजा मागे कुणी बसलं आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा ४ सेंटिमीटर जास्त बसली. दोन चाकांतलं अंतर १३५ सेंटिमीटर धरलं तर गाडी ३ टक्के मागे कलते. तुमचा १.५ टक्क्याचा उतार गेला आणि दिवा १.५ टक्के वर बघू लागला. डिपर लावूनही समोरचा शिव्या देतो. रोज दोघं जात असाल तर दोघांना बसवूनच सेट करा. कधीतरीच जात असाल तर दिव्याच्या खालच्या बोल्टला हाताने फिरणारी घुंडी लावून घ्या आणि तिच्यावर रंगाच्या दोन खुणा करा.

या आकड्यांवरून वेगही ठरतो. ओल्या रस्त्यावर साधारण पकड आणि दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर ताशी ५० ला थांबायला ४५ मीटरच्या आसपास लागतात, ७० ला ७५ च्या वर. गाठीगाठींचे टायर डांबरावर त्याहून लांब घसरतात. १.५ टक्क्यावर सेट केलेल्या डिपरमध्ये ५० ठीक आहे, ७० नाही. पावसाळ्यात गुरं कोरडी जागा म्हणून डांबरावर बसतात, आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसते ती अगदी जवळ आल्यावर.

शेवटी मित्राची गाडी. मोटोक्रॉसच्या बऱ्याच इंजिनांत लाइटिंग कॉइल नसतेच, स्टेटरवर फक्त इग्निशनचं वाइंडिंग असतं. तिला कॉइल घालत बसण्यात अर्थ नाही. १२.८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, फ्यूज, एक वॉटरप्रूफ बटण आणि २० वॅटचा एलईडी. बॅटरीत ६४ वॅट-तास असतात, त्यातले ८० टक्के वापरले तर अडीच तास प्रकाश मिळतो. इंजिनाच्या वायरिंगला हात लावावाच लागत नाही. दिवा पुढच्या नंबर बोर्डाच्या जागी, फोर्कला रबरी पट्ट्यांनी आवळायचा. पडलात तर पट्टी ताणते, दिवा फुटत नाही. चार्जर १४.६ व्होल्टला थांबणारा, याच जातीच्या बॅटरीसाठीचा हवा; शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर तिला चालत नाही. सड्यावर कातळशिल्पं असलेल्या जागा सोडून चालवायचं. आणि पुळणीवर तर दोन्ही गाड्या रात्री नेऊ नका, दिवे असोत नसोत. गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, चाकाखाली घरटी चिरडतात, आणि बाहेर पडलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणजे समुद्राऐवजी तुमच्या हेडलाइटकडे.